३६ च्या नटीला २२ ची आणि ७५ ची दाखवायचंय, मेकअप बदलू का कॅमेरा?

सेलूकर:

नमस्कार मंडळी. आम्ही सेलू-मानवतकडचे काही जण मिळून सहा भागांची मालिका करायलोत. आधी यूट्यूबवर टाकू, पुढं कुणी चॅनलवाला बघायला तयार झाला तर बघू. गोष्ट एका बाईची आहे. १९७२ च्या दुष्काळात ती २२ वर्षांची, खडी फोडायच्या कामावर जाणारी, सुकडीवर लेकरं जगवणारी, आणि आजच्या काळात तीच पंच्याहत्तरीची, नातवांच्या जमिनीच्या वादात मधी पडणारी. दोन्ही वयं एकच नटी करणारय, ती ३६ ची आहे, राज्य नाट्य स्पर्धेत चांगली कामं केलीत तिनं, त्यामुळं अभिनयाची मला काळजी नाही.

अडचण अशीय की टेस्ट शूट केलं आणि सगळं उलटंच दिसायलंय. तरुणपणीचा सीन रानात घेतला, भर दुपारी, डोक्यावर पाटी, मेकअप जवळजवळ नाहीच, तर त्यात ती पंचेचाळीसची दिसायलीय, डोळ्याखाली काळं, नाकापासून तोंडापर्यंत रेघा. आणि म्हातारपणीचा सीन ओसरीत बसवून घेतला, पांढरा टोप, सुरकुत्यांचा मेकअप निवांत बसून केलेला, तर चेहरा गुळगुळीत आणि वर पेन्सिलीनं रेघा ओढल्यासारखं, शाळेच्या गॅदरिंगमधली आजी वाटायली. समोर उभं राहून बघितलं तेव्हा मेकअप झकास होता, स्क्रीनवर गेला की पार गेला.

कॅमेरा सोनीचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवाला, सोबत आलेली किट लेन्स १६-५० मिमी आणि एक ५० ची प्राईम, म्हणजे झूम न होणारी. दुसरा अँगल मोबाईलवर. लाईट म्हणजे दोन एलईडी पॅनल, बाकी सूर्य. टीव्हीवर सासू अन् सून एकाच वयाच्या दिसतात ते हे लोक कसं करतात, आणि आपल्याला त्याच्या उलटं करायचं तर काय करावं, कुणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर सविस्तर सांगा.

केजचा_लाईटवाला:

सेलूकर भाऊ, मेकअपला आधी हात लावू नका. तुमच्या दोन सीनचे उजेड एकमेकांच्या जागी पडलेत, सगळा घोळ तिथंच आहे. मी मुंबईत मालिकांच्या लाईट डिपार्टमेंटला काम करतो, गाव केज तालुक्यात, म्हणून तुमचं रान आणि तुमची ओसरी दोन्ही डोळ्यासमोर आली.

दुपारचं ऊन वरून पडतं. भुवयांची सावली डोळ्याच्या खोबणीत, नाकाची ओठावर, गालाखाली खड्डा, डोळ्याखाली पिशवी नसली तरी हे ऊन ती तयार करतं. कॉलेजच्या पोरीला उभं करा त्या उन्हात, चाळिशीची दिसंल. आणि तुमच्या ओसरीत अंगणातला मऊ उजेड सरळ समोरून येतोय, जमीन खालून उजेड परत फेकतेय, मग सुरकुतीत सावली पडणार कुठून? कॅमेऱ्याच्या दृष्टीनं सुरकुती म्हणजे एक बारीक सावली. ती सावलीच पुसली गेली की मागं फक्त पेन्सिलीचा रंग उरतो, तोच तुम्हाला गॅदरिंगवाला वाटतोय.

टीव्हीवाले काय करतात ते ऐका. डेली सोपला दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात, मास्टर (सगळ्यांचा मोठा शॉट), सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा), क्लोज सगळं एकाच वेळी, कारण रोज एपिसोड द्यायचाय आणि प्रत्येक शॉटला लाईट हलवायला वेळ नाही. तीन बाजूंनी कॅमेरे म्हणजे उजेडही सगळीकडून सारखा ठेवावा लागतो. सेटवर वरून मोठे मऊ लाईट कायम टांगलेले, समोर ट्रेसिंग पेपर लावलेला सोर्स, हिरोईनच्या हनुवटीखाली थर्माकोल. त्या थर्माकोलनं डोळ्याखालचं आणि गळ्याचं सगळं भरून निघतं. वर लेन्सपुढं प्रोमिस्टसारखा डिफ्युजन फिल्टर, कातडीचा बारीक कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतो. आणि ब्रॉडकास्टच्या कॅमेऱ्यात स्किन डिटेल म्हणून सेटिंग असतं, कातडीचा रंग पकडायचा आणि फ्रेममधल्या तेवढ्याच भागाची धार कमी करायची, साडीची जर तशीच चकचकीत राहते अन् गाल लोण्यासारखा होतो. हे सगळं सुनेसाठी लावलेलं असतं पण सासू त्याच उजेडात उभी असते ना, ती पण धुऊन निघते. पन्नाशीची चांगली नटी असते, चेहऱ्यावर इतकं काही असतं तिच्या, आणि आम्ही ते रोज पुसतो, मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला सेट नाही, तीन कॅमेरे नाहीत, हा तुमचा फायदा समजा.

आजीसाठी: ओसरीत तिला तोंड अंगणाकडं करून बसवू नका, आडवी बसवा, म्हणजे उजेड एका गालावरून घासत जाईल. दुसऱ्या बाजूला काळी घोंगडी लटकवा, फ्रेमच्या बाहेर, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर. घोंगडी उजेड पिऊन टाकते, तो गाल खोल जातो आणि प्रत्येक रेघ उठून येते. समोरून काही भरू नका. एलईडी पॅनल बंदच ठेवा, फक्त डोळ्यात ठिपका यावा म्हणून एकदम कमी करून लांबून मारला तर चालेल, कारण डोळा मेला तर म्हातारी मेल्यासारखी दिसते आणि तुमची आजी तर भांडणात मधी पडणारी आहे. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर मिळालं तर बघाच. त्याच्या झरोक्यातून येणारा उजेड वरून सरळ पडतो, अंधाऱ्या खोलीत एकच पट्टा, त्यात बाई नुसती बसली तरी वय आपोआप चढतं.

तरुणपणासाठी दुपार सोडा. मेच्या मध्यावर परभणीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात भर बाराला पण तो क्षितिजापासून ४७ अंशाच्या आसपासच वर असतो. त्यामुळं जमलं तर...

सेलूकर:

दादा मधी बोलतो, डिसेंबरात नाही जमणार. तेव्हा रानात ज्वारी-हरभरा उभा असतो, बहात्तरचा दुष्काळ हिरव्या रानात कसा दाखवू? एप्रिल-मे शिवाय गत्यंतर नाही.

केजचा_लाईटवाला:

बरोबर आहे तुमचं, मग मे मध्येच पण सकाळी साडेसहा ते आठ. सूर्य खाली असतो, उजेड समोरून चेहऱ्यावर येऊ द्या. आठनंतर क्लोज घ्यायचाच झाला तर डोक्यावर मांजरपाट ताणून धरा दोन बांबूंना, सहा बाय सहा तरी पाहिजे, आणि खालून पांढरं धोतर किंवा थर्माकोल. लांबचे शॉट, खडीचे ढीग, बायकांची रांग, ते दुपारी घ्या बिनधास्त, तिथं चेहरा कळत नाही आणि ऊन दिसलं पाहिजे. फक्त चेहरा ओळखू येईल असा शॉट दुपारी नको.

रंगभूषा_अंबाजोगाई:

वरचं सगळं पटलं, मेकअपच्या बाजूनं भर घालतो. नाटकाचा वृद्ध मेकअप दहाव्या रांगेतल्या माणसासाठी असतो. गडद रेघ, तिच्या शेजारी फिकट रेघ, लांबून खड्डा वाटतो. तोच चेहरा कॅमेऱ्यानं चार फुटांवरून बघितला की रंग रंग म्हणूनच दिसतो. तुमच्या मेकअपवाल्याचा हात चांगला असेल, पण तो रंगमंचाचा हात आहे.

कॅमेऱ्याला रेघ नको, खरी घडी पाहिजे. कातडी ताणून धरायची, स्पंजनं लिक्विड लॅटेक्स टिपत लावायचं, ताणलेलंच ठेवून हेअर ड्रायरनं वाळवायचं, पावडर मारायची आणि मग सोडायचं. कातडी आपल्या आपण चुरगळते आणि त्या घड्यांवर केजच्या भावानं सांगितलेला आडवा उजेड पडला की काम झालं. आदल्या दिवशी हातावर लावून बघा, काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, आणि भुवया-केसांना लागू देऊ नका, उपटून निघतात. मे महिन्यात घामानं कडा सुटतात म्हणून आजीचे सीन सकाळी आधी उरकता येतील असं बघा, किंवा ते थंडीतच घ्या, त्यांना दुष्काळ लागत नाही ना.

टोपाचं म्हणाल तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या डोक्यावर पदर असतो, मग पूर्ण टोप लागतो कशाला? पुढचे चार बोटं केस दिसतात, तेवढे तिचेच पांढरे करा, पांढरी क्रीम ब्रशनं, पावडर नको, पावडर केसांवर निळसर-राखी दिसते आणि उडते. टोप वापरलाच तर मागून लाईट मारू नका, जाळीची कड लगेच चमकते.

आणि हात! चेहरा पंच्याहत्तरचा आणि हात छत्तीसचे, हे मी कितीतरी ठिकाणी बघतो. भाकरी थापतानाचा, नोटा मोजतानाचा, कुंकवाची डबी उघडतानाचा क्लोज असेल तर गावातल्या खऱ्या आजीचे हात घ्या, तशाच बांगड्या घालून. फक्त दोन्हीकडं उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. गळा झाकायला पदर आहेच.

एकच नटी दोन वयं करणारय हे चांगलंच आहे, घाबरू नका. 'सारांश'च्या वेळी अनुपम खेर २८ वर्षांचे होते आणि निवृत्त मास्तर केला. १९८६ ला दूरदर्शनवर 'बुनियाद' लागायची, त्यात तिशीतले आलोक नाथ तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत गेले आणि घराघरानं मानलं. उलटा रस्ता ब्रिटनच्या राणीवरच्या 'द क्राउन' मालिकेवाल्यांनी घेतला, दर दोन सीझनला राणीचं काम करणारी नटीच बदलली. तो पण योग्य आहे, पण तुमच्या गोष्टीत खडी फोडणारी ती आणि वादात उभी राहणारी ही, एकच बाई आहे हे चेहऱ्यावरून कळणं जास्त मोलाचं.

निलंग्याच्या_बाई:

मला कॅमेऱ्यातलं कळत नाही, मी निवृत्त शिक्षिका, वय ६७, संध्याकाळी मालिका बघणारी. पण प्रश्न वाचून राहवलं नाही.

मालिकांत म्हातारं माणूस कसं दाखवतात ते मी रोज बघते. एक तर पलंगावर पडलेलं आणि कॅमेरा वरून, म्हणजे बघताक्षणी कीव यावी. नाहीतर जरीची साडी, खालून वर बघणारा कॅमेरा, ढोल वाजतोय, म्हणजे ही कारस्थानी. तिसरं म्हणजे हॉलमध्ये सगळं घर जमलंय, बोलणारे पुढं, आणि आजी-आजोबा मागच्या रांगेत धूसर. त्यांच्यावर कॅमेरा कधी जातो? कुणी काही भयंकर बोललं की "अगं बाई" असं तोंड करायला, ते पण डोळा मिटून उघडेपर्यंत. २०१९ ला 'अग्गंबाई सासूबाई' आली तेव्हा मी ती आवडीनं बघितली कारण लाजण्याचे, विचारात पडल्याचे जे क्लोजअप एरवी सुनेच्या वाट्याला येतात ते सासूच्या वाट्याला आले होते. कितीतरी वर्षांनी वाटलं की आमच्या वयाच्या बाईच्या तोंडाकडं कुणीतरी थांबून बघायलंय.

सेलूकर, तुमची आजी खाली मांडी घालून बसणार, जात्यापाशी, चुलीपाशी, ओसरीत. शूटिंग करणारा पोरगा उभा राहणार. म्हणजे तुम्ही न ठरवताच सगळे शॉट वरून होणार आणि ती बिचारी दिसणार. त्या पोराला खाली बसवा. आमच्याकडं पंच्याहत्तरीची बाई श्रावणबाळच्या पैशासाठी बँकेच्या रांगेत तास तास उभी असते, शेळ्या बघते, सुनेला दम देते, तिला वरून बघायची कुणाची टाप नसते. तिच्या डोळ्याला डोळा लागेल एवढ्या उंचीवरच कॅमेरा पाहिजे.

दुसरं असं, नातवांच्या वादाच्या सीनला बोलणारे नातू असतील पण मला ते बोलत असताना आजी बघायचीय. नातवाला धूसर ठेवा ना कधीतरी.

सेलूकर:

बाई, हे फार कामाचं सांगितलंत. टेस्टचं फुटेज परत बघितलं, खरंच सगळे शॉट वरून आहेत, ट्रायपॉड पूर्ण उंच करून लावलेला. कमी उंचीचा ट्रायपॉड नाही तर पाटावर वाळूची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवू.

आता लेन्सचं सांगा कुणीतरी. वादाच्या सीनला मोबाईल जवळ धरून आजीचा क्लोज घेतला होता तर नाक मोठं आणि कान गायब. ५० लावली की छान दिसती पण मग ती तरुण दिसायली.

केजचा_लाईटवाला:

नाक मोठं होतं ते लेन्समुळं नाही, अंतरामुळं. मोबाईलचा मेन कॅमेरा मोठ्या सेन्सरच्या हिशोबानं साधारण २४-२६ मिमीचा असतो, चेहऱ्यानं फ्रेम भरायची तर तुम्ही दीड फुटावर जाता. दीड फुटावर नाक कॅमेऱ्याच्या जेवढं जवळ असतं, कान त्या मानानं बरेच लांब पडतात, म्हणून नाक फुगतं आणि चेहरा अरुंद होतो. सहा-सात फुटांवर नाक आणि कानातला फरक नगण्य, चेहरा जसाच्या तसा. तुमची ५० क्रॉपवर ७५ सारखी वागते, त्यामुळं तुम्ही आपोआप लांब उभे राहता. तिला तरुण दिसायला लावलं ते ५० नं नाही, समोरच्या मऊ उजेडानं. आडव्या उजेडात त्याच ५० नं घेऊन बघा. मोबाईल क्लोजला वापरू नका, आणि वापरलाच तर ब्युटी मोड बंद आहे का बघा, बऱ्याच फोनला तो आधीपासून चालूच येतो. कमी उजेडात तर फोन नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे पुसायच्या नादात सुरकुत्या पण पुसतो, लॅटेक्सची मेहनत पाण्यात.

अंतराचा एक उपयोग सांगतो जो मला स्वतःला फार आवडतो. आजी वेशीपासून घराकडं चालत येतीय असा शॉट असेल तर कॅमेरा खूप लांब लावा, जेवढी लांबची लेन्स मिळंल तेवढी, संभाजीनगरला ७०-२०० भाड्यानं मिळून जाईल. लांबच्या लेन्सनं मागचं-पुढचं चेपलं जातं, माणूस तुमच्याकडं चालत येतो पण पुढं सरकल्यासारखं वाटत नाही. तिची चाल आहे तशीच, तरी रस्ता संपतच नाही असं बघणाऱ्याला वाटतं. तोच रस्ता तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन, तेव्हा किटवर १६ लावा आणि जवळून जाऊ द्या तिला, दोन ढांगांत फ्रेममधून निघून जाईल. तोच रस्ता, तीच बाई. नटीला वेगळं कुबड काढून चालायला लावायची गरज नाही, काठी टेकत वाकून चालणं हा म्हातारपणाचा सगळ्यात खोटा अभिनय असतो असं माझं मत आहे.

एडिटवाला_संभाजीनगर:

एवढं सगळं सेटवर करायचं कशाला, रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडटोन डिटेल म्हणून स्लायडर आहे, फुकटच्या व्हर्जनमध्ये पण आहे. तरुणपणाला मायनस ३०-४० करा, कातडी मऊ. म्हातारपणाला प्लस २०-२५, सगळ्या रेघा बाहेर. चेहऱ्यापुरता मास्क काढा, ट्रॅक करा, संपलं. पेड व्हर्जनला फेस रिफाईनमेंट पण येतं, डोळ्याखालचं काळं वेगळं कमी होतं. ग्रेडिंगमध्ये आजीचे लाल रंग जरा उतरवा, ओठ फिके झाले की वय वाढतं.

केजचा_लाईटवाला:

मित्रा स्लायडर वापरा, मी नाही म्हणत नाही. पण तो असलेली सावली वाढवतो, नसलेली आणणार कुठून? ओसरीतला सपाट चेहरा प्लस २५ केला तर पेन्सिलीच्या रेघाच ठळक होतील. आणि दुपारच्या उन्हातला चेहरा मायनस ४० केला तर डोळ्याच्या खोबणीतला अंधार तसाच, वर कातडी मेणाची. शिवाय तुमचे दोन कॅमेरे वेगळे, एकावर मऊ एकावर कडक झालं तर कट मारला की बाई दहा वर्षांनी पुढं-मागं उडी मारायला लागेल. टीव्हीवर हे सर्रास दिसतं, हिरोईनच्या क्लोजला फिल्टर, समोरच्या आईच्या क्लोजला नाही, एकाच संभाषणात हवा बदलल्यासारखी वाटते. लोकांना कारण सांगता येत नाही पण खटकतं.

एडिटवाला_संभाजीनगर:

कटचा मुद्दा मान्य. मग सेलूकर, दोन्ही वयं एकाच कॅमेऱ्यावर घ्या, मोबाईलवर फक्त चेहरा नसलेले शॉट. आणि सोनीच्या मेनूत पिक्चर प्रोफाईलमध्ये जाऊन डिटेल कमी करून ठेवा, कॅमेऱ्याची स्वतःची धार नंतर काढता येत नाही. फुटेज पाठवलंत तर एक सीन मी करून देतो, पैसे नकोत, बहात्तरच्या गोष्टी माझ्या आजीकडून ऐकलेल्यायत.

निलंग्याच्या_बाई:

पोरांनो, एक राहिलं. ती बाई २२ ची असताना खडी फोडत होती म्हणता, तर तिला टीव्हीतल्या सुनेसारखी तुकतुकीत करू नका. त्या दुष्काळात विशीतल्या बायांचे चेहरे रापलेले होते, ओठ फुटलेले होते. तरुण दिसावी पण सुखात वाढलेली दिसू नये.

रंगभूषा_अंबाजोगाई:

बाईंचं अगदी खरं. रापलेला रंग, फुटलेले ओठ आणि केसात धूळ हे मेकअपनं करा, म्हणजे उजेड मऊ असला तरी गुळगुळीत होणार नाही. तरुणपण गालाच्या भरीवपणात आणि डोळ्यात दिसतं, गोरेपणात नाही. तिचे डोळे आणि जबडा स्वच्छ ठेवा, बाकी खुशाल मळवा.

सेलूकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं की आजीचे सीन जानेवारीत मानवतकडच्या एका माळवदाच्या घरात, दुष्काळ मेमध्ये सकाळी लवकर. दादा, एक विचारायचं राहिलं, त्या घरात झरोका एकच आहे आणि सीन सात-आठ मिनिटांचा, उजेडाचा पट्टा तेवढ्यात सरकून जाणार नाही का?

केजचा_लाईटवाला:

सरकणार, आणि जानेवारीत तो सरळ खाली न पडता तिरका भिंतीकडं पडेल हे पण धरून चला. सूर्य तासाला १५ अंश फिरतो, दहा फूट खाली जमिनीवर म्हणजे वीस मिनिटांत पट्टा वीतभर तरी हलेल. म्हणून आधी एक दिवस तिथं जाऊन बारा ते दोन बसा आणि दर पंधरा मिनिटांनी पट्टा कुठं आहे तिथं खडूनं खूण करा, वेळ लिहून. मग ज्या वाक्यांना चेहरा हवाय ती त्या खुणांप्रमाणं आधी घ्या, बाकीच्यांचे शॉट नंतर. पट्टा गेलाच तर घराच्या वर एकाला आरसा घेऊन उभा करा, साधा कपाटाचा आरसा, झरोक्यातून ऊन परत खाली टाकता येतं, पण त्या पोराचा हात हलू देऊ नका. आणि खुणांचा फोटो इथं टाका, आपण बघून शॉटचा क्रम लावू.